जुनी मॅन्युअल टेलिझूम लेन्स घेताना: माउंट, काच आणि खानदेशातली हवा

सप्रेम नमस्कार. आपण अमळनेरला शिक्षक आहात, आपल्याकडे कॅनन १५०० डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे, आणि पाच हजार रुपयांच्या आत एखादी जुनी, हाताने फोकस करायची टेलिझूम लेन्स घेऊन हिवाळ्यात हतनूर धरणावरचे पक्षी, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे आणि शाळेच्या क्रीडास्पर्धा टिपायच्या आहेत, असे आपण कळवले आहे. आपल्यासमोर दोन लेन्स आहेत. एक जळगावातल्या, आता बंद होत असलेल्या स्टुडिओतली व्हिविटार सिरीज वन ७०-२१० एफ ३.५ आहे; तिला कॅननचा जुना एफडी माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारे कडे) असून आत ‘थोडी बुरशी’ आहे आणि तिची किंमत अडीच हजार सांगितली आहे. दुसरी नाशिकच्या नातेवाइकांकडची निकॉन ८०-२०० एफ ४.५ आहे आणि ती साडेचार हजारांना मिळते आहे. व्हिविटार स्वस्त आहे, नावाजलेली आहे आणि उजेडही थोडा जास्त घेते, मग तीच का घेऊ नये, असा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. आपल्या कॅमेऱ्यासाठी व्हिविटार घेऊ नका. निकॉन स्वतः हातात घेऊन, पुढे सांगतो त्या पद्धतीने पारखून, ती पसंतीस उतरली तरच घ्या. आणि या दोन्हींपैकी कोणत्याही लेन्सकडून उडत्या पक्ष्यांची अपेक्षा ठेवू नका. धुळ्यात बत्तीस वर्षे कॅमेरे आणि लेन्स उघडून दुरुस्त करताना माझे एक मत पक्के झाले आहे, की जुनी झूम लेन्स घेताना तिच्यावर छापलेले नाव तिसऱ्या क्रमांकावर येते. ती आपल्या कॅमेऱ्यावर नीट बसते का हे पहिले, आणि हातात आलेल्या त्या एका नगाची आजची अवस्था काय आहे हे दुसरे. नावाजलेली लेन्स पन्नास वर्षांत चार घरे फिरून, कपाटात कुजून, कुणीतरी चुकीच्या पेचकसाने उघडून आपल्यापर्यंत आलेली असू शकते.

माउंटचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण आपले अडीच हजार रुपये त्यावरच वाचणार आहेत. लेन्स कॅमेऱ्याच्या ज्या धातूच्या कड्यावर टेकते, तेथपासून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. आपल्या कॅमेऱ्याच्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिलिमीटर आहे. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५, ऑलिंपस ओएममध्ये ४६, तर पेंटॅक्सच्या के माउंटमध्ये आणि जुन्या आट्यांच्या एम ४२ माउंटमध्ये ४५.४६ मिलिमीटर आहे. हे सारे आकडे ४४ पेक्षा मोठे असल्यामुळे उरलेल्या जागेत अडॅप्टरचे पातळ कडे बसते आणि लेन्स सेन्सरपासून तिच्या मूळ अंतरावर उभी राहते. कॅनन एफडीचे अंतर मात्र ४२ मिलिमीटर आणि मिनोल्टाच्या जुन्या मॅन्युअल लेन्सचे ४३.५ मिलिमीटर आहे. या लेन्स सेन्सरच्या जितक्या जवळ यायला हव्यात तितक्या आपल्या कॅमेऱ्यावर येऊच शकत नाहीत. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणताना १९७१ पासून चालत आलेला एफडी माउंट मोडीत काढला, त्यामुळे दोन्हींवर एकाच कंपनीचे नाव असले तरी त्यांचे एकमेकांशी जमत नाही. ‘कॅननचीच आहे, बसेल’ असे विकणारा मनापासून सांगत असतो, आणि घेणारा फसतो.

बसवलीच तर काय होईल, तेही आकड्यांत पाहू. लेन्स आपल्या जागेपेक्षा दोन मिलिमीटर पुढे उभी राहिली, तर अनंतावर लावूनही ती जास्तीत जास्त किती दूर पाहू शकेल, हे नाभीय अंतराच्या (लेन्सवरच्या ७०-२१० सारख्या आकड्याच्या) वर्गाला त्या दोन मिलिमीटरने भागून निघते. २१० मिलिमीटरवर हे उत्तर सुमारे २२ मीटर येते. ७० मिलिमीटरवर तेच अडीच मीटरसुद्धा भरत नाही. अडॅप्टरच्या स्वतःच्या जाडीमुळे हे आकडे आणखी खाली येतात, दोन मिलिमीटर जाडी धरली तर थेट निम्म्यावर. म्हणजे समोर वीस हात अंतरावर उभा असलेला घोडा पूर्ण चौकटीत घ्यावा म्हणून आपण झूम आवरता घ्याल, आणि नेमका तेव्हाच फोकस हातातून निसटेल. यावर उपाय म्हणून आत भिंग बसवलेले अडॅप्टर मिळतात आणि त्यांनी दूरचा फोकस साधतोही. पण ते एकुलते एक स्वस्त भिंग संपूर्ण चित्राचा कस उतरवते. चांगल्या लेन्सच्या मागे वाईट काच लावण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही.

एका कामाला मात्र ती व्हिविटार तशीच, भिंगाविना अडॅप्टरवर उपयोगी पडेल, आणि ते म्हणजे हातभर अंतरावरचे काम. टेबलावर मांडलेल्या वस्तू, धान्य, फुले, कापसाचे उमललेले बोंड यांना अनंताची गरज नसते. टेबलटॉप छायाचित्रणासाठी ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते ते केकी मूस आपल्याच चाळीसगावचे. आपला कल त्या दिशेला असता तर मी वेगळे उत्तर दिले असते, पण आपल्याला घोडे आणि पक्षी हवे आहेत.

व्हिविटारविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ही लेन्स निकॉन, पेंटॅक्स किंवा ऑलिंपस माउंटमध्ये कुणाला मिळाली तर ती सोडू नये असे मला वाटते. व्हिविटार ही अमेरिकी कंपनी स्वतः लेन्स बनवत नसे. जपानमधल्या निरनिराळ्या कारखान्यांकडून बनवून घेई. नगावरच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे कारखाना सांगतात आणि तिसरा आकडा सालाचा शेवटचा अंक असतो. सुरुवात २२ ने असेल तर ती किनो कंपनीची पहिली आवृत्ती, पुढे ६७ मिलिमीटरचा फिल्टर बसणारी, हाताला चांगलीच जड लागणारी. ३७ असेल तर टोकिनाची दुसरी, ६२ मिलिमीटर फिल्टरची. २८ असेल तर कोमिनेची तिसरी, ५८ मिलिमीटर फिल्टरची. तिचे अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारे भोक; एफचा आकडा लहान तेवढे ते मोठे) आखूड टोकाला एफ २.८ आणि लांब टोकाला एफ ४ असते. माझी पसंती या तिसरीला आहे, कारण ती आकाराने आटोपशीर आहे आणि उघड्या अ‍ॅपर्चरवर पहिल्या दोघींपेक्षा स्वच्छ चित्र देते. या तिन्हींनंतर त्याच नावाने आलेल्या लेन्सपैकी ०९ ने सुरू होणारी कोसिनाची लेन्स त्या तोडीची नाही. नाव तेच, काच निराळी, हे येथे अगदी डोळ्यांनी दिसते.

आता आपल्यासमोरच्या निकॉनकडे येतो. ८०-२०० एफ ४.५ ही त्या काळच्या वृत्तपत्र छायाचित्रकारांच्या विश्वासाची लेन्स होती. तिला पुढे ५२ मिलिमीटरचा साधा, कोठेही मिळणारा फिल्टर बसतो. एफ ३.५ आणि एफ ४.५ यांच्यातला उजेडाचा फरक पाऊण स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) कमी आहे आणि आजच्या कॅमेऱ्यात आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला दाद देण्याची पातळी, थोडा वाढवून तो सहज भरून निघतो, त्यामुळे तेवढ्यासाठी व्हिविटारकडे ओढले जाण्याचे कारण नाही. नाशिकचा नग पसंत पडला नाही तर याच मापात निकॉनची सिरीज ई ७५-१५० एफ ३.५, पेंटॅक्सची ७०-२१० एफ ४, ऑलिंपसची ६५-२०० एफ ४ किंवा टॅमरॉनची ८०-२१० एफ ३.८-४ शोधावी. टॅमरॉनच्या त्या पिढीतल्या लेन्सचा मागचा माउंट सुटा असतो आणि बदलता येतो, याला अडॅप्टॉल-२ म्हणतात. आज कॅननवर आणि उद्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर जायचे असेल तर ही सोय फार मोलाची ठरते.

पारखण्यासाठी जाताना तीन गोष्टी बरोबर न्याव्यात: आपला कॅमेरा, निकॉनपासून ईएफचा अडॅप्टर आणि एक लहान, प्रखर टॉर्च. अडॅप्टर आधीच विकत घ्यावा. निकॉनची लेन्स नाकारली तरी पुढे दुसरी निकॉन लेन्स घेताना तो कामी येतोच.

प्रथम लेन्स हातात घेऊन अ‍ॅपर्चरचे कडे सर्वांत लहान आकड्यावर, म्हणजे एफ ४.५ वर आणावे, पुढची आणि मागची झाकणे काढावीत आणि टॉर्चचा झोत मागून आत सोडून पुढून तिरके पाहावे. मग उलट बाजूने तेच करावे. झूमचे कडे पुढेमागे सरकवत राहावे, कारण आतल्या काचांचे गट हलतात तसा एकेक थर डोळ्यांसमोर येतो. धुळीचे कण दिसतील, त्यांची काळजी नको; चाळीस-पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये धूळ असणारच आणि चित्रात ती दिसत नाही. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर दव गोठावे तशी फांद्या फुटलेली दिसते. संपूर्ण काच दुधाळ दिसली तर ते ग्रीसचे बाष्प बसून आलेले धुरकटपण असते. आणि काचेच्या कडेने इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा मोत्यासारखी चमक दिसली, तर दोन काचा जोडणारा चिकट थर सुटू लागला आहे असे समजावे. तो नग तेथेच परत करावा, कारण त्याची दुरुस्ती लेन्सच्या किमतीत बसत नाही.

बुरशीच्या बाबतीत जागा महत्त्वाची असते. अगदी पुढच्या काचेच्या बाहेरच्या अंगाला, कडेला एखादा ठिपका असेल तर मी तो चालवून घेईन. मागच्या काचेवर तेवढाच ठिपका असेल तर घेणार नाही, कारण तेथे प्रकाशाचे शंकू निमुळते झालेले असतात आणि तेवढ्याशा ठिपक्याचाही चित्रावर अंमल बसतो. बुरशी आतल्या गटात असेल तर लेन्स उघडावी लागते, आणि या झूम लेन्समध्ये दहाहून अधिक काचा असतात. बुरशी पुसता येते, पण तिने सोडलेले आम्ल काचेवरचा लेप खाऊन गेलेले असेल तर पुसल्यानंतरही तिचा नकाशा मागे राहतो. उन्हाकडे तोंड असताना त्याच ठिकाणाहून चित्र फिके पडते. ‘थोडी बुरशी’ हे शब्द म्हणूनच अपुरे आहेत. कोठे आणि किती जुनी, हे विचारावे लागते आणि त्याचे उत्तर फक्त टॉर्च देतो.

यानंतर अ‍ॅपर्चर पाहावे. लेन्सच्या मागे एक लहानशी पट्टी असते. अ‍ॅपर्चर एफ २२ वर ठेवून ती पट्टी बोटाने सरकवून पाती पूर्ण उघडावीत आणि पट्टी एकदम सोडावी. पाती डोळ्याची पापणी मिटावी तशी झटक्यात मिटली पाहिजेत. ती आळसावून मिटत असतील, किंवा त्यांच्यावर तेलाचा ओलसर डाग चमकत असेल, तर ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरले आहे. आपल्या भागात हा दोष फार आढळतो आणि त्याचे कारण आपले ऊन आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली होती. मे महिन्यात रावेर भागातल्या केळीच्या बागांचे काम होते. दुपारी जेवायला थांबलो तेव्हा माझी ८०-२०० जीपच्या डॅशबोर्डवर राहिली. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि काचेच्या आत त्याहून किती तरी जास्त. लेन्स हाताला चटका बसेल इतकी तापली होती, पण वरून काहीच दिसले नाही. पुढच्या आठवड्यात त्याच लेन्सने स्लाइड फिल्मचे दोन रोल काढले. धुऊन आल्यावर पाहतो तर एफ ११ वर घेतलेली प्रत्येक चौकट पांढरीफटक पडलेली होती, कारण शटर उघडेपर्यंत पाती मिटतच नव्हती. ते काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून उन्हाळ्यात माझ्या लेन्स ओल्या पंच्यात गुंडाळलेल्या पाण्याच्या बाटलीशेजारी, पण वेगळ्या कोरड्या पिशवीत, आसनाखालच्या सावलीत असतात.

आपल्या कॅमेऱ्यावर साध्या अडॅप्टरने निकॉनची लेन्स लावल्यावर पाती झटक्याने मिटत नाहीत, कडे फिरवाल तशी ती सावकाश मिटतात. त्यामुळे पाती किंचित मंद असली तरी आपले काम अडणार नाही. तरीही तेल लागलेले दिसले तर किंमत कमी करून मागावी, कारण आज ना उद्या ती लेन्स उघडावी लागणारच.

झूमचे कडे सैल आहे का हे लेन्सचे तोंड खाली करून कळते. या लेन्समध्ये एकच रुंद कडे असते, ते फिरवले की फोकस होतो आणि पुढेमागे ओढले की झूम होतो. आतल्या पट्ट्या झिजल्या की कडे आपल्या वजनाने घसरू लागते. निकॉनच्या ७५-१५० मध्ये तर हे इतके नेहमीचे आहे की घट्ट नग दिसला तर मला आश्चर्य वाटते. हा दोष काचेचा नाही, म्हणून त्यासाठी लेन्स नाकारू नये. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंदीची चकती कापून ती कड्याच्या आणि नळीच्या सांध्यावर चढवावी. माझ्या दुकानातून कितीतरी लेन्स अशा काळ्या रबरी पट्टीसह गेल्या आहेत आणि अजून चालत आहेत.

शेवटची परीक्षा कॅमेऱ्यावर घ्यावी. लेन्स कधी पडली असेल तर आतला एखादा गट तिरका झालेला असतो आणि बाहेरून पोचा दिसत नाही. दूरच्या विजेच्या खांबाचे टोक किंवा गच्चीवरची पाण्याची टाकी निवडावी, २०० मिलिमीटरवर एफ ५.६ ठेवून लाइव्ह व्ह्यू चालू करावा, चित्र दहा पट मोठे करून मध्यभागी फोकस करावा, आणि मग तेच टोक पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून चार फोटो घ्यावेत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती त्या काळच्या झूमची प्रकृती आहे. तीन कोपरे रेखीव आणि एकच पुसट असेल तर लेन्स आपटलेली आहे.

वापराकडे वळू. कॅमेरा एव्ही मोडवर ठेवावा, म्हणजे शटरचा वेग तोच ठरवतो. अ‍ॅपर्चरच्या जागी पडद्यावर ‘००’ दिसेल, त्यात दोष नाही, कॅमेऱ्याला लेन्स ओळखता येत नाही इतकाच त्याचा अर्थ. मीटर काम करतो. फोकस नेहमी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर करावा, कारण १५०० डीच्या लहान दृश्यदर्शकात एफ ८ वर फार अंधारते. आणि मग डोळा न हटवता कडे दोन टिकटिक फिरवावे, म्हणजे ४.५ वरून ५.६ आणि पुढे ८. ही टिकटिक बोटांना पाठ होईपर्यंत घरी बसून सराव करावा. फोकस २०० वर करून मग झूम आवरला तरी तो टिकतो, हा या जुन्या झूमचा मोठा गुण आहे. मात्र स्वस्त अडॅप्टर मापाला थोडा पातळ निघाला तर हा गुण जातो आणि कड्यावरची अनंताची खूणही खोटी ठरते, म्हणून ‘शेवटपर्यंत फिरवले की झाले’ असे मानू नये. डाव्या हाताचा तळवा वर करून लेन्स खालून तोलावी, सगळा भार अडॅप्टरवर टाकू नये. या लेन्समध्ये हाताचा कंप आवरणारी सोय नाही, त्यामुळे २०० मिलिमीटरला आपल्या लहान सेन्सरचे १.६ पट धरून १/३२० सेकंद ही खालची मर्यादा समजावी. मी १/५०० च्या खाली उतरत नाही.

सारंगखेडा हे या लेन्सचे खरे माहेर आहे. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, ऊन तिरके आणि मऊ असते, टापांची धूळ त्या उन्हात पेटल्यासारखी दिसते. पळत्या घोड्याच्या मागे फोकसचे कडे फिरवत राहिलात तर दिवसभरात एकही फोटो लागणार नाही. घोडा जेथून जाणार ती जागा आधी ठरवावी, जमिनीवरच्या एखाद्या खुंटीवर किंवा ढेकळावर फोकस करून ठेवावा आणि घोडा तेथे येण्याच्या क्षणभर आधी बटण दाबावे. १३५ मिलिमीटर, एफ ८ आणि १५ मीटर अंतर असे धरले तर सुमारे सव्वातेरा मीटरपासून सतरा मीटरपर्यंतचे सारे रेखीव येते, म्हणजे घोडा नाकापासून शेपटीपर्यंत आणि वर थोडी चुकीला जागा. झूम २०० पर्यंत ताणलात तर तीच जागा दीड-पावणेदोन मीटरवर येते. लोक हौसेने झूम पूर्ण ताणतात आणि मग लेन्स मऊ आहे म्हणून सांगत येतात. थोडे पुढे चालत जाऊन १३५ वर थांबावे. शाळेच्या शर्यतींनाही अंतिम रेषेवर हीच रीत लागू पडते. पांढऱ्या घोड्याच्या आयाळीभोवती आकाशासमोर जांभळी कड येईल. एफ ८ वर ती बरीच कमी होते, आणि उरलेली संगणकावर काढता येते. लेन्सचे हूड (पुढे लावायची सावलीची नळी) मात्र अवश्य लावावे, जुन्या लेपांना समोरचा सूर्य सोसत नाही.

आपल्या भागातली एक गोष्ट बाहेरच्या कोणत्याही लेखात सापडणार नाही म्हणून मुद्दाम सांगतो. मार्चपासून जूनपर्यंत, आणि हिवाळ्यातही दुपारी, काळ्या नांगरटीवरची हवा थरथरते. तिच्यातून दोनशे मीटरवरचा घोडा किंवा झाड टिपले तर जगातली सर्वांत महाग लेन्सही ते रेखीव देऊ शकत नाही, कारण प्रतिमा लेन्सपर्यंत पोहोचण्याआधीच वाकलेली असते. चैत्र-वैशाखात माझ्याकडे ‘लेन्स बिघडली’ म्हणून जे येतात, त्यांना मी दुकानामागच्या कडुनिंबाच्या सावलीत नेतो आणि दहा मीटरवरच्या खोडाचा फोटो घ्यायला सांगतो. साल रेषान् रेष उमटली तर लेन्स ठणठणीत आहे, दोष हवेचा आहे. सकाळी नऊच्या आत काम उरकावे आणि विषयाच्या जवळ जावे, यावाचून यावर इलाज नाही.

पक्ष्यांबाबत मी आपल्याला आशा लावणार नाही. आपल्या सेन्सरवर २०० मिलिमीटरची लेन्स २० मीटर अंतरावर सुमारे सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच चौकट पाहते. शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी १९९७ साली पुन्हा सापडलेला रानपिंगळा साधारण २३ सेंटिमीटरचा आहे; म्हणजे वीस मीटरवर तो चौकटीच्या उंचीचा सहावा-सातवा हिस्सा व्यापेल, आणि त्याहून जवळ जाणे त्या दुर्मीळ पक्ष्यासाठी योग्य नाही. हतनूरच्या पाण्यावरचे चक्रवाक, पट्टेरी राजहंस किंवा चित्रबलाक मोठे असतात आणि थव्याने बसतात. तेथे पक्ष्याचे पिसन् पीस मागण्याऐवजी पाणी, धुके आणि थवा असे एकत्र चित्र घेतले तर ही लेन्स सुंदर काम देते. उडते पक्षी हेच आपले मुख्य वेड असेल, तर निकॉनही घेऊ नका. थोडे पैसे साठवून कॅननची वापरलेली ५५-२५० आयएस घ्या. तिला ऑटोफोकस आहे, कंप आवरण्याची सोय आहे आणि वजन साधारण निम्मेच आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीसारख्या रात्रीच्या आणि पहाटेच्या कामालाही एफ ४.५ अपुरे पडते. तेथे एखादी जुनी १३५ एफ २.८ जास्त कामाची.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर १६ ते २० मिलिमीटरच्या घरात असल्यामुळे तेथे एफडी आणि मिनोल्टासह सारे जुने माउंट भिंगाविना चालतात. मेनूत ‘लेन्स नसताना शटर’ ही सोय चालू करावी लागते, आणि फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणाऱ्या फोकस पीकिंगमुळे काम फार सोपे होते. निकॉन डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर जुनी निकॉन लेन्स बसते, पण मीटर चालत नाही. डी ७००० आणि त्यावरच्या कॅमेऱ्यांवर (डी ७५०० सोडून) मीटर चालतो, मात्र १९७७ च्या आधीची, एआय (उघडीप कॅमेऱ्याला कळवणारी निकॉनची कड्याची रचना) न केलेली लेन्स त्यांच्यावर जबरदस्तीने चढवू नये, कड्याशेजारची नाजूक पट्टी मोडते.

लेन्स घरी आणल्यावर तिची मूळ चामड्याची पिशवी वापरू नका. चामडे ओल धरून ठेवते आणि बुरशी तेथूनच सुरू होते. आपला उन्हाळा कोरडा असला तरी श्रावण-भाद्रपदात कपाटे दमट होतात. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरेशा आहेत. दाण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरावेत. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरावी. अडॅप्टर लेन्सच्या मागे कायमचाच लावून ठेवावा आणि त्यावर कॅननचे मागचे झाकण बसवावे, म्हणजे यात्रेच्या गर्दीत, धुळीत, ती आपल्या १८-५५ इतक्याच सहजपणे कॅमेऱ्यावर चढेल आणि उतरेल.